दादाचं गाऱ्हाणं

अंधेरी, ३ मार्च २०२५

ती. देवेशदादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला बोलता येत नाही आणि मोबाइलवर टाइप करताना चिडतोस, म्हणून जुन्या पद्धतीने लिहितोय. आपली ‘चारकोप चौकडी’ वीस वर्षांनी नवा अल्बम करतेय! कृणालने वर्सोव्याच्या घरी ड्रमवरची धूळ झटकली, सौरभने बेस गिटारला नव्या तारा चढवल्या. तुझ्याऐवजी गाईन मी, पण गिटार तूच वाजवायची. ऑपरेशन घशाचं झालंय, बोटांचं नाही. आणि रेकॉर्डिंगआधी कोकणातल्या रीतीने देवाला गाऱ्हाणंही तूच घालायचं, दर वेळेसारखं; तू मागणं मागायचं, आम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं.

सौ. वहिनीस नमस्कार. रागावलास तरी लोभ ठेव.

सुबोध

चारकोप, ९ मार्च

चि. सुबोध यास अनेक आशीर्वाद.

तू गाणार म्हणजे अल्बमची वाट लागली! चेष्टा करतोय रे. फार आनंद झाला. पण मला सोडा. औषधांनी बोटं बधिर झालीत, तार दाबलेली कळत नाही. गाऱ्हाणं तू घाल. मुक्या माणसाने देवाला काय सांगायचं? वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू.

लोभ आहेच, तो तिघांत वाटून घ्या.

देवेश

चारकोप, १२ मार्च

प्रिय सुबोधभावजी,
अनेक आशीर्वाद.

ह्यांना न सांगता लिहितेय. हे रोज सकाळी देव्हाऱ्यापुढे हात जोडून गाऱ्हाण्याची तयारी करतात. ‘बा देवा म्हाराजा’पासून सगळं, नुसते ओठ हलतात. थांबले की मी स्वयंपाकघरातून हळूच ‘व्हय म्हाराजा’ म्हणते. आधी रागावले होते. आता माझ्या उत्तरासाठी थांबतात.

थोरला असताना धाकट्याने गाऱ्हाणं घालायचं नसतं, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? येऊन ह्यांना घेऊन जा. डॉक्टर फारशी आशा देत नाहीत, तेव्हा लवकर या.

लोभ असतो म्हणूनच हक्काने सांगतेय.

जानकीवहिनी

अंधेरी, २० जुलै

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सवयीने ‘सौ.’ लिहायला गेलो आणि हात थांबला. दादाला जाऊन महिना झाला, तरी हाताला अजून कळलेलं नाही.

आज अल्बम आला. रेकॉर्डिंगच्या दिवशी तू काचेबाहेर बसली होतीस, आत काय झालं ते तुला ऐकू आलं नसेल. दादाने हात जोडले, ओठ हलवले. तो थांबला की आम्ही तिघं ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचो. माइक चालू होता. अल्बमच्या सुरुवातीला, सगळ्या गाण्यांआधी आम्ही तेच ठेवलंय. सीडी निघण्याआधी रेकॉर्ड कंपनीतल्या पोराचा फोन आला, सुरुवातीला मधेमधे आवाज गेलाय, काढून टाकू का? मी म्हटलं, हात लावू नकोस, तिथे माझा भाऊ बोलतोय. फोन ठेवून खूप रडलो.

सीडी सोबत पाठवतोय, पण एकटी ऐकू नकोस. रविवारी मी येतो, दोघं देव्हाऱ्यापुढे बसून ऐकू. दादा थांबला की उत्तर तू दे.

आता लोभ तुझ्याकडेच मागायचा.

सुबोध