ओढ्याकाठची गौर

रविवार, गौरीपूजन. एजवेअर.

कार्पेटवर पुन्हा एक शेंग फुटली. टक्!

काल पार्कात आम्ही व्हॉलंटियर्स ओढ्याकाठचा गुलाबी बाल्सम उपटत होतो. आमची लीडर मार्गारेट सारखी बजावत होती, यंदा उशीर झालाय, शेंगा तटतटल्यात, एकही रोप बाहेर जाता कामा नये. बी पाण्यात पडलं की संपलंच. तो अख्खा काठ गिळतो, इथलं दुसरं काही उगवूच देत नाही. फिरायला म्हणून सोबत आलेल्या सासूबाई मात्र तो ढीग बघून हरखल्या. "अगं, हा तर आपला तेरडा!" तेव्हाच लक्ष ठेवायला हवं होतं. घरी बघते तर गौरीच्या मुखवट्याखाली तोच, मुळासकट. आमच्यात तेरड्याचीच गौर. इथे आल्यापासून त्यांनी प्लास्टिकच्या फुलांवर भागवलं होतं.

उद्या विसर्जन. त्याच ओढ्यात करू म्हणतात!

कसं सांगू? पूजलेली गौर काळ्या पिशवीत बांधून बिनमध्ये टाकायची? मला तरी जमेल? आणि गप्प बसले तर मार्गारेटला काय तोंड दाखवू?

शेवटी मघाशी धीर करून म्हणाले, "आई, ह्याचं बी फार पसरतं हो."

टक्. त्यांनी वाकून बी वेचलं, पदराची गाठ सोडली. आत दिवसभराच्या बिया.

"म्हणून तर जमवतेय. कॉव्हेंट्रीला माझ्या बहिणीलाही देऊ. तीसुद्धा बिचारी प्लास्टिकवरच भागवते."