घड्याळातल्या माणसाच्या मागं

८ नोव्हेंबर २००९, रविवार

वहीबाई, काल एवढं सगळं सांगितलं, आणि आज विचारलं तर तोंड मिटून गप्प. विसरलात ना? स्वरदा म्हणते, "आजी, वही विसरत नसते." मग बोलत का नाही? मला अक्षर येत नाही म्हणून मजा करताय होय? बरं, पुन्हा सांगते. ह्या खेपेला लक्ष द्या.

मी सगुणाबाई. दिवाळीत मला चक्कर आली. पिरंगुटचा डॉक्टर म्हणाला रोज चाला, किती चाललात ते लिहून ठेवा. माझा मुलगा विलास म्हणाला गेटाबाहेर पाऊल टाकायचं नाही. दोघांचंही खरं करायचं म्हणजे अंगणात गोल फिरायचं, घाण्याच्या बैलासारखं. लिहायला आमच्या वरच्या खोलीतली भाडेकरू, स्वरदा. अकोल्याची पोर, हिंजवडीत कंपनीत आहे. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. लिहू दे.

तिच्या मनगटावर घड्याळ आहे, वाटीएवढं. आभाळातनं त्याला कळतं म्हणे, माणूस कुठं आहे, किती चाललं, किती भरभर. पळायला घेतलं होतं. पळणं चार दिवस टिकलं. आता त्यात फक्त कॅबची वेळ बघते. मी म्हटलं, "ट्रॅक्टर घेतलास आणि त्याच्या सावलीला बसलीस." लाजली. म्हणाली, "आजी, तुम्हीच घाला."

आता खरी गोष्ट. भैरू शेरडं घेऊन डोंगरावर असतो, त्यानं निरोप आणला. माझी थोरली बहीण धोंडाबाई, रिहे गावात दिलेली, तिनं अंथरूण धरलंय. मधी एक खिंड, खिंडीच्या पलीकडं ती. आणि सहा वर्षं झाली, आम्ही गेलेलो नाही. तिच्या नातीच्या लग्नात भर मांडवात नावं पुकारून फेटे बांधले, विलासचं नाव राहून गेलं. एवढंच. तेव्हापासून विलासचं एकच, "त्या घराची पायरी चढायची न्हाई. कुनीच न्हाई."

मला जायचंय.

१० नोव्हेंबर

अंगणात चकरा. स्वरदाच्या संगणकात त्याची रेघ पाहिली. कोंबडीनं उकिरडा उकरावा तशी. घड्याळाच्या मते मी कुठंच गेले नाही. बरोबर आहे त्याचं.

१२ नोव्हेंबर

अवकाळीनं कापलेला भात भिजला, त्यामुळे घरात सगळ्यांचं डोकं तिकडं. बरं झालं. मी गेटाबाहेर गेले, कुणी अडवलं नाही.

घड्याळ सुरू केलं की लगेच चालायचं नाही, हे आज कळलं. उघड्यावर गप उभं राहायचं, त्याला आभाळ सापडेपर्यंत. आधी निघालं तर सगळं खोटं मोजतं. देवळापुढं उभी राहिले मनगट वर धरून. येणारा जाणारा विचारतोय, "म्हातारे, कुनाची वाट बघतीस?"

म्हटलं, "वरच्याची."

पाया पडून गेले एक-दोघं.

१५ नोव्हेंबर, रविवार

छातीचा पट्टा आला. ओला करून बांधायचा, वरून चोळी. नाडीचे ठोके घड्याळाला सांगतो. डॉक्टरनं ज्याच्या वर जाऊ नका म्हटलं होतं, तो आकडा स्वरदानं घालून दिला. वर गेलं की पीं पीं पीं. मग थांबायचं, उतरलं की निघायचं.

ओढ्याच्या चढावर वाजलं. मी उभी राहिले. खरं सांगू, लावणी झाली, कापणी झाली, बाळंतपणं झाली, पण 'आता बस' असं मला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं. तेही हे डबडं.

जेवताना परत वाजलं. ठेचा तिखट होता, ठसका लागला. विलास इकडं तिकडं बघायला लागला. "काय वाजतंय?" सून आशा म्हणाली, "कुकर असंल शेजारचा." मी तिच्याकडं बघितलं. ती ताटाकडं बघत होती.

१८ नोव्हेंबर

घड्याळात वाट भरून ठेवता येते. एकानं चालून दाखवायची, मग दुसऱ्याला ती रेघ दिसते, रेघेवर राहायचं. खिंडीत आता रान माजलंय, जुनी पायवाट मला कुठली सापडायला. म्हणून काल भैरूच्या हाताला बांधलं. म्हटलं, रिह्यापर्यंत जा आणि ये.

संध्याकाळी स्वरदानं पडद्यावर रेघ काढली आणि हसून हसून खाली बसली. रेघ वर जाते, खाली येते, करवंदीच्या जाळीभोवती तीन वेढे, परत ओढ्यात. भैरूला म्हटलं, "अरं, ही वाट हाय का गुंतवळ?" तर म्हणतो, "आज्जे, शेरडं कुनाच्या भरवशावर सोडू?"

शेरडांची वाट घड्याळात भरली. माझी राहिली.

२२ नोव्हेंबर, रविवार

स्वरदा स्वतः गेली. पळत. चार महिन्यांनी पळाली, परत आली तेव्हा तोंड जास्वंदीसारखं लाल. वाट भरून आणली, नीट, एकरेघी.

धोंडाला बघून आली. मी सारखं विचारतेय, ती हळूहळू सांगतेय. बारीक झाल्यात. बोलतात, पण थोडं. त्यांची सून सुलक्षणा उशाशी असते. हिला दारात बघून धोंडानं मान वळवली आणि विचारलं, "सगुणी आली का?"

सुलक्षणा म्हणाली, रोज विचारतात. कुणीही दारात आलं तरी.

आज मला बसवत नाही. भांडी आशानं घासलेली, मी परत घासली.

२४ नोव्हेंबर

हिशेब असा बसवलाय. विलास उरवड्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला असतो. अंधारात जातो, दुपार कलल्यावर येतो. तेवढ्यात मी जाऊन, धोंडाजवळ थोडं बसून, परत. जीपने गेलं तर फाट्यावर सगळे ओळखीचे, माझ्या आधी बातमी घरी. पायीच जायला हवं, आणि रेंगाळून चालणार नाही.

त्यासाठी स्वरदानं आज नवीन दाखवलं. घड्याळात एक माणूस आहे. एवढासा, काडीचा. आपण ठरवून देऊ त्या चालीनं चालत राहतो, दमत नाही, बोलत नाही. त्याच्याबरोबर राहिलं की वेळेत पोचलं. तो पुढं तर आपल्याला उशीर, तो मागं तर आपण लवकर. फार सोपं.

सकाळी तिच्या कॅबच्या आधी मळ्यापर्यंत जाऊन आलो. तो पुढं, मी मागं. स्वरदा म्हणाली, "आजी, जरा उचला पाय." उचलले. गाठलं त्याला. आणि परत मागं पडले. पुन्हा उचलले, पुन्हा मागं.

"आजी, तुम्ही दमला नाहीत. पट्टा वाजत नाही. मग त्याच्यापुढं गेलात की थांबता कशाला?"

मला कळलंच नव्हतं मी थांबते ते. म्हटलं, "गड्याच्या पुढं चालायचं असतं व्हय?"

तिला काय माहीत. बाजाराला, जत्रेला, दवाखान्याला, आमचे मालक पुढं, मी चार पावलं मागं. त्यांची टाच बघत बघत मी सगळा मुळशी फिरले. ते थांबले की मी थांबायचं. आता ते नाहीत, पण पायांना कुणी सांगितलं नाही.

२६ नोव्हेंबर

स्वरदा हट्टाला पेटली.

"आजी, त्याला बाई समजा."
"परकी बाई एवढी तोऱ्यात पुढं चालल्यावर मी तिच्या वाटंला जाईन का?"
"बरं, दीर समजा."
"मग तर पदर घिऊन अजून मागं."
"लहान पोर समजा! विलासकाका लहान असताना."
"पोर तर पुढंच लागतं, बये. मागं ऱ्हायलं तर हरवतं."

डोक्याला हात लावून बसली. त्याला बंद करू म्हणाली. मी नको म्हटलं. तो नसला तर उशीर झाला की नाही ते मला कोण सांगणार?

२८ नोव्हेंबर

भैरू सांगून गेला, धोंडाची भाकरी सुटली. पेजेवर आहे.

जेवणं झाल्यावर विलासला सरळ विचारलं. लपवाछपवी नको वाटली. "एकडाव जाऊन येते धोंडाकडं."

तो हात धूत होता. आवाज चढवला नाही, शांतपणे म्हणाला. "आई, उद्या काय बरंवाईट झालं तर जायाचंच हाय की आपल्याला. तवा कोन न्हाई म्हनतंय."

खरं आहे. आमच्यात तसंच असतं. किती का वैर असेना, माती द्यायला सगळे जातात. तिथंच रडतात, तिथंच मिटतं. त्याचं काही चुकीचं नाही. चार जण तसंच बोलले असते.

मी म्हटलं, "तवा मी बोलू कुनाशी?"

तो टॉवेलला हात पुसत राहिला. खूप वेळ पुसले.

३० नोव्हेंबर

उद्या. स्वरदा रजा टाकते म्हणाली, बरोबर येते म्हणाली. नको म्हटलं. विलासला कळलं तर तुझी खोली जाईल. पट्टा आहे, रेघ आहे, वर भैरूची शेरडं आहेत. आणि तो काडीचा गडी आहे.

घड्याळाला रात्रभर खायला घातलंय तिनं, मधी मरू नये म्हणून.

१ डिसेंबर, रिहे

स्वरदा, फोनवर सांगतेय, नीट लिही. सुलक्षणाचा मोबाइल आहे. तुझा आवाज का असा? आधी ऐक.

विलास गेला आणि मी उठले. चपलेशेजारी फडक्यात भाकरी बांधून ठेवलेली. आशा चुलीपुढं पाठमोरी. मी भाकरी उचलली.

पांदीत उभी राहिले, आभाळ सापडू दिलं. मग निघाले. तो पुढं, मी मागं, नेहमीसारखं. चढाला पट्टा दोनदा वाजला, दोनदा बसले, पाणी प्याले. तो आपला चाललाच. मनात म्हटलं, जा बाबा.

खिंडीच्या तोंडाशी झाडीत घड्याळाचं आभाळ गेलं. रेघ गेली, माझा ठिपका गेला. तिथं मात्र भ्याले, खोटं कशाला सांगू. वाटेला तीन फाटे. मग पलीकडून भैरूची हाक ऐकू आली, "आज्जे, उजवीकडनं!" त्याच्या शेरडांनी तुडवून तुडवून ती वाट मोकळी केलेली. वर आले, आभाळ परत आलं, आणि खाली रिहे दिसलं. कापलेली खाचरं, धोंडाच्या घराची कौलं.

उताराला पाय आपोआप सुटले. थोड्या वेळानं घड्याळ बघितलं तर तो मागं. लांब मागं.

मी थांबले, सवयीनं. चपलेतला खडा काढायचं नाटक केलं. घड्याळ पुढंच सरकतंय, मी उभी. कुणासाठी उभी, सांग? खाली धोंडा दाराकडं तोंड करून पडलेली.

म्हटलं, "तुमी या मागनं." आणि निघाले. मागं वळून बघितलं नाही.

दारात पोचले. सुलक्षणा चूल सारवत होती, तिच्या हातातला पोतेरा खाली पडला. आतून धोंडानं विचारलं, "सगुणी आली का?" सवयीनंच विचारलं तिनं. उत्तराची वाट बघत नव्हती.

म्हटलं, "आली. सरक तिकडं."

तिनं माझं मनगट धरलं आणि घड्याळाला हात लागला. "हे काय बांधलंस, बैलाचा चाळ?" अजून जीभ तशीच आहे बघ. मग हात सोडलाच नाही. पट्टा वाजायला लागला, मी बसलेली असून. सुलक्षणा घाबरली. मी पट्टा काढून ठेवला.

परतायची वेळ झाली, तुझं घड्याळ सांगत होतं. ऐकलं मी. धोंडा झोपली होती, पण हात सुटलेला नव्हता.

२ डिसेंबर

काल संध्याकाळी विलास आला. मोटारसायकल बांधाशी लावली, अंगणात उभा राहिला, पायरी चढला नाही. "चल आई." मी दारात आले. म्हटलं, "तू हो पुढं." तो उभाच. मग विचारलं, "कवा येशील?" म्हटलं, "धोंडा गेली की. आधी न्हाई."

लगेच गेला नाही. बांधावर बसला, अंधार पडेपर्यंत.

घड्याळ तुझं तुला घे, भैरूबरोबर पाठवते, आता मला त्याचं काम नाही. आशाला सांग, कणगीतला जुना आंबेमोहोर काढ. नवा नको, नव्याची पेज चिकट होते, धोंडाच्या घशाखाली उतरत नाही. थोडं तूप, वेगळ्या डब्यात. आणि हे विलासच्याच हाती दे, दुसऱ्या कुणाच्या नको. पायरीवर ठेवून गेला तरी चालेल म्हणावं, आत मी नेईन.