आईचा पट

भोर, ता. ३ फेब्रुवारी १९३७

ती. हरिबादादा यांस, धाकट्या बिरूचा सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, पण तोंड दाखवण्यासारखा नाही. उत्रोलीला कुस्त्यांच्या फडात शिवऱ्याच्या कुंडलिकने मला पाडलं. माझ्याहून हलका गडी! वाकला, माझा पाय ओढून पट काढला आणि मला आभाळच दिसलं. माझा हात त्याच्या मानेकडे निघाला तोवर लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचत होते.

वस्ताद म्हणाले, लेका, ताकद लई हाय तुझ्यात, पण ती पंगत उठल्यावर येती. चैत्रात कापूरहोळला पुन्हा हाच जोड आहे. तिथं हरलो तर वळकटी उचलून तालमीबाहेर, असं बजावलंय. म्हणून हजार बैठकांच्या दीड हजार केल्यात. आईला सांगून तूप जास्त पाठवा.

लहान्यावर माया आहे तशी राहू द्यावी.

आपला बिरू

वेल्हे, ता. १० फेब्रुवारी १९३७

चि. बिरू यास हरिबाचे आशीर्वाद.

पलटणीत शिकलेली अक्षरं कामी आली. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती आधी हसली, मग डोळे पुसले. तूप देणार नाही म्हणते. त्याच्या दीड हजार बैठका हुईस्तवर मेंढी रानात जाईल, मेंढ्यांच्या कातरणीला ये म्हणावं, असा निरोप आहे.

मलाही पटलं. आईची साठी उलटली, वजनात ती तुझ्या निम्मी. पण मेंढ्या कोंडायच्या वाघरीच्या जाळीतून एखादी सुटली की मी अजून वाकायच्या बेतात असतो, आणि तिचा मागचा पाय आईच्या मुठीत आलेला असतो. राग आला असेल तर रागावूनच ये, पण ये.

थोरल्याचा लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.

तुझा हरिबा

भोर, ता. २८ एप्रिल १९३७

ती. दादा यांस, बिरूचा सा. न. वि. वि.

कुंडलिकला पाडला! मागच्या लोकांना बसायलासुद्धा सवड मिळाली नाही.

कातरणीच्या पहिल्या दिवशी माझ्या हातून अकरा मेंढ्या निसटल्या आणि तुम्ही मोजत होता, ते विसरलो नाही. मी मुठी आवळून उभा राहायचो. आई म्हणाली, आवळलेली मूठ आधी सोडावी लागती, तवर मेंढी डोंगरापार. हात सैल ठेव, पाय दिसला की सगळं बळ एकदम सोड. पाच-सहा धरल्या की मला बसवायची, दमलेला हात आळशी होतो म्हणायची. मला ते लाड वाटले होते. कापूरहोळला कुंडलिकचा पाय पुढे आला आणि मला तो मेंढीचाच दिसला. बळ तेच होतं दादा, या खेपेला वेळेवर आलं.

वस्तादांनी विचारलं, हा पट कुणी शिकवला? मी आईचं नाव सांगितलं. हसतील वाटलं, पण त्यांनी कानाची पाळी धरली. पुढच्या कातरणीला तालमीतले चार गडी आपल्याकडे पाठवणार आहेत. बक्षिसाचा फेटा सोबत धाडला आहे, तो तुम्ही बांधा.

आईच्या पायांवर माझं डोकं ठेवा.

आपला बिरू

वेल्हे, ता. ५ मे १९३७

चि. बिरू यास आशीर्वाद.

फेटा पोचला, पण मला बांधायला मिळाला नाही. आईने तो मांडीवर घेऊन उलगडला. मग म्हणाली, गडी शिकाया येणार, आन् वस्ताद उघड्या डोक्यानं हुबा ऱ्हाणार व्हय? पदरावरूनच तिने तो गुंडाळला. आता तसाच बांधून वाघर लावते, आणि सारा धनगरवाडा बघायला जमतो.

मला हसू येत नाही बिरू, ऊर भरून येतो. तिने जन्मभर मेंढ्या धरल्या आणि आपण त्याला कधी विद्या म्हटलं नाही.

गड्यांना आधीच सांगून ठेव. पहिले आठ दिवस कोकरंच मिळतील, मेंढीला हात लावायचा नाही, असा आपल्या वस्तादांचा हुकूम आहे.

तुझा हरिबा