सत्तावन्न सालच्या बाटल्या

सोर्बारा,
१४ मार्च १९७९

प्रिय एर्मेस,

ताईचे आशीर्वाद. विंटरथूरला अजून बर्फ आहे का? तुझे गुडघे कसे आहेत? मुलींना पापे. धाकटीच्या पत्रातलं इटालियन वाचून आत्या पोट धरून हसली, असं तिला सांग.

इथे सगळं तसंच. बाबा एक्क्याऐंशीचे झाले, तरी माझ्या नवऱ्याला सुखाने छाटणी करू देत नाहीत. "जावईबापू, वेल छाटताय की केस कापताय?" रोमन लोकांच्याही आधीपासून आपल्याकडे वेली झाडांवर चढवायचे, हे आल्यागेल्याला ऐकवतात. मोदेनाचा कुणी साहेब आपल्या लाम्ब्रुस्कोला स्वस्तातली वाइन म्हणाला की भडकतात. "स्वस्त होती म्हणूनच तुझा आजा रोज प्यायला!"

रविवारी सारण भरलेल्या तोर्तेल्लिनीच्या रश्श्यात वाइन ओतली आणि तुझी फार आठवण आली. तू वाडगाच तोंडाला लावायचास, ओठांवर लाल मिशी उमटायची, आणि आई फडकं घेऊन तुझ्या मागे लागायची. आई गेली तेव्हा तू आलास, पण फाटकाशीच उभा राहिलास. बाबांनी तुझ्याकडे पाहिलं नाही. मी तेव्हाही गप्प बसले.

एर्मेस, आता लिहूनच टाकते. सत्तावन्न सालची वाइन मी बिघडवली.

बाटल्या भरायच्या त्या सकाळी तू रात्रभर नाचून दमला होतास, उठत नव्हतास. बाबा ओरडतील म्हणून राखून ठेवलेला द्राक्षांचा गोड रस मीच पिंपात घातला आणि तुला सांगायचं विसरले. तू उठलास आणि पुन्हा घातलास. बाटलीत फेस धरायला तो एकदाच लागतो. दोनदा घातल्यावर काय होतं ते जूनमध्ये दिसलं. तळघरातल्या निम्म्या बाटल्या फुटल्या. "साधा रस मापता येत नाही गाढवाला!" बाबा ओरडले. तू म्हणालास, "मी मापूनच घातला." त्यांनी शेजाऱ्यांदेखत तुला खोटारडा म्हटलं.

मला त्याच क्षणी कळलं होतं. पण बाबांनी नुकताच व्हास्कोशी माझ्या लग्नाला होकार दिला होता, तो फिरवतील या भीतीने मी तोंड उघडलं नाही. आठवड्याने तू स्वित्झर्लंडच्या गाडीत बसलास. उद्या सांगू, उद्या सांगू करत बावीस वर्षं घालवली.

परवा बाबांना सांगितलं. ते घेवडा निवडत बसले होते. बराच वेळ हात चालूच होते. मग म्हणाले, "म्हणजे पोरगं खरं बोलत होतं." आणि रडले रे. आईच्या वेळीही रडले नव्हते. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

आज व्हास्को बाटल्या धुवायला लागला, तर बाबांनी त्याचा हात धरला. "ठेवा त्या. रस घालायला माझा मुलगा येईल." व्हास्को म्हणाला, "पण चंद्र उतरायला लागलाय, अमावास्येच्या आत भरायला हव्यात ना?" बाबांनी जन्मात कधी चंद्र चुकवलेला नाही, तुला माहीतच आहे. ते म्हणाले, "चंद्र जाऊ दे. तो आला की भरू."

माझं तोंड बघावंसं वाटलं नाही तर नको बघूस. पण ये.

बाबा कोट चढवून दारात उभे आहेत. पत्र स्वतः पोस्टात टाकणार म्हणतात. खाली थोडी जागा सोड, अशी खूण केली आहे.

तुझी अपराधी,
नेरीना

एर्मेस, खोटारडा मी ठरलो. घरी ये.
बाबा