हसू आलं की गुडघे जातात

३ नोव्हेंबर, सोमवार
आज एक प. 'प.' म्हणजे पडणे. आईच्या हाती वही लागली तरी कळू नये म्हणून ही खूण, आणि तीच इथे फोडून बसले. शहाणीच मी.
बियाणं तपासायच्या आमच्या लॅबमध्ये ट्रेमधला उगवलेला हरभरा मोजत होते. शेजारची वैशाली साहेबांची नक्कल करायला लागली, मला हसू फुटलं आणि गुडघे गेले. पडल्यावर हात हलत नाही, जीभ हलत नाही, कान मात्र टक्क जागे. लोकांना वाटतं, शुद्ध गेली. मग मिरगी समजून कुणी कांदा फोडून नाकाला लावतं, कुणी चप्पल. आजची चप्पल शिपायाची होती.
दुपारी मोजता मोजता डोळा लागला तो वेगळाच. साहेब: "मॅडम, घरी झोप होत न्हाई का?" नऊ तास होते हो, साहेब.

८ नोव्हेंबर, शनिवार
संभाजीनगरहून परत. तिथल्या दवाखान्यात काल रात्री डोक्याला वायरी लावून झोपवलं. आज दिवसभर दर दोन तासांनी "झोपा" म्हणून हुकूम. पाचही वेळा लगेच झोपले. झोपल्याबद्दल कुणी रागावलं नाही, असं पहिल्यांदाच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
मिरगी नाहीच! नार्कोलेप्सी. डॉ. म्हणाले, मेंदूत जागं ठेवणारं एक रसायन असतं, ते माझ्यात फार कमी. म्हणून दिवसा झोप कोसळते. आणि हसू आलं, की झोपेत अंग जसं ढिलं पडतं तसं जागेपणीच पडतं. मुळातून जाणार नाही, पण आटोक्यात राहील. सकाळी एक गोळी, पडणं थांबवायला दुसरी, दिवसातून दोनदा ठरल्या वेळी थोडी झोप.
म्हणजे आठ वर्षं मिरगीच्या गोळ्या उगाच गिळल्या. तिथेच रडले.
गाडीत अप्पांनी रिपोर्ट पिशवीत तळाशी सारला. आई: "नाव कळलं, झालं. लग्न होईस्तोवर कुठं बोलायचं न्हाई, बिलकुल."
"अमोलला तरी सांगू दे."
"सांग आन् मंग बस जन्मभर घरात. माझी शपथ हाय तुला."
अमोलशी लग्न ७ डिसेंबरला. शपथ घालून आई खिडकीतून बाहेर बघत बसली. मला तर खिडकीही मिळाली नाही, मधे बसले होते.

१६ नोव्हेंबर, रविवार
अमोलचा फोन. त्याच्या शाळेतल्या गमती. तिथे क्लार्क आहे. माणूस विनोदी निघाला, हेच माझं नशीब. त्याचा फोन मी भिंतीला टेकून, मांडी घालून घेते. जबडा ढिला पडायला लागला की "आई बोलावते" म्हणून ठेवून देते.
आज म्हणाला, "तू हसतच न्हाईस गं. मी पसंत न्हाई का तुला?"
पसंत आहेस रे बाबा. परक्याच्या विनोदानं इतकं होत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
गोळ्यांना आठवडा. मोजताना डोळा लागला नाही. पडण्याच्या गोळीचा गुण यायला वेळ लागेल म्हणाले.
परवा बस्ता. दोन्ही घरची माणसं मिळून लग्नाचे कपडे घेणार. आईची तयारी पूर्ण: "बसून राह्य. कुणी काही बोललं तर खाली बघ. हसू नको." नवरी लाजते असंच वाटेल सगळ्यांना. सोयच आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार
जुन्या जालन्यातलं दुकान. तासभर खाली बघितलं. मग अमोलच्या आईनं साडी अंगाला लावून बघायला उभं केलं. तेवढ्यात अमोलनं एक जरीचा पदर स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि दुकानदाराला विचारलं, "काका, मला खुलतंय का हे?"
गेले. सरळ गादीवर.
चप्पल आली. कांदा आणायला कुणी पळालं. आई: "उपास हाय तिला, चक्कर आली." डोक्याखाली एक हात आला, अमोलचा. डोकं नीट धरलं त्यानं. आणि वर त्याच्या आईकडे तोंड करून हळूच म्हणाला, "बरं झालं, आत्ताच कळलं. बस्ता बांधू नका."
सगळं ऐकत पडले होते. तोंड उघडता येईना.
मिनिटभरानं जीभ सुटली. उठून बसले. "चक्कर न्हाई आली. मला आजार हाय, हसले की असं होतं. मिरगी न्हाई." आईनं दंडाला चिमटा काढला तरी पूर्ण सांगितलं. शपथ मोडली.
ती माणसं साड्या तशाच पसरलेल्या टाकून निघून गेली. घरी आल्यापासून आई माझ्याशी बोलत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार
जेवणाच्या सुट्टीत अमोलचा फोन.
"पडली तव्हा तुला ऐकू येत होतं का?"
"हो."
"सगळं?"
"सगळं."
मग, "उद्या येऊ का? घरी सांगितलं न्हाई मी."
कशाला, ते विचारलं नाही. राग आहे त्याचा, खूप. आणि तो यावा असंही वाटतं. ही दुसरी गोष्ट कुणाला सांगू? त्याला एवढंच म्हणाले, "ये. पण जे काय बोलायचं ते मी उभी असताना माझ्याशी बोल."
"बरं," म्हणाला. किती वाजता, ते नाही सांगितलं.