लगीन पौर्णिमेला, व्याख्यान युद्धावर

२४ एप्रिल
आली! समता आली! कोल्हापूरच्या गाडीतून निपाणीच्या स्टँडवर उतरली. पाठीवर ही एवढी हिरवी सॅक, आणि मी मोगऱ्याचा गजरा धरून बावळटासारखा उभा. मिलिटरी पोलिसातल्या बाईला गजरा! तिनं सगळ्या स्टँडसमोर तो मनगटाला गुंडाळला नि म्हणाली, "चला प्रोफेसर, भूक लागल्या." मी कसला प्रोफेसर! कॉलेजात तत्त्वज्ञानाचा गेस्ट लेक्चरर, तोही तासावर. पण आज कुणी कुलगुरू म्हटलं असतं तरी चाललं असतं.

पंधरा मेपर्यंत रजा आहे. त्यात लग्न!

२६ एप्रिल
समताचे वडील, सिद्रामआप्पा, बोरगावहून तारीख ठरवायला आले. आम्ही बौद्ध. मुहूर्त नाही, पत्रिका जुळवणं नाही, भंतेजी मोकळे असले की झालं. आप्पा म्हणाले, "चार तारखेला रविवार हाय. उरकून टाकू. फौजेची रजा, तिचा काय भरवसा?" समताही म्हणाली, चारच बरी.

मी म्हटलं, छे! बारा मे, बुद्धपौर्णिमा! शांतीचा दिवस, फौजेतली नवरी, तत्त्वज्ञानाचा नवरा — असा योग सोडायचा? किती बोललो देव जाणे. देव मानत नाही, तरी! शेवटी आई म्हणाली, "मुहूर्त मानत न्हाय म्हणतोस आणि मुहूर्तच काढलास की रं!" सगळे हसले. मी तर खो खो हसलो. बारा ठरली.

२८ एप्रिल
विहाराच्या समितीनं धरलं — अकराला संध्याकाळी व्याख्यान दे. विषय माझ्या आवडीचा. म्हटलं, 'युद्ध म्हणजे नेमकं काय? तत्त्वज्ञ काय म्हणतात?' लग्नाच्या आदल्या दिवशी! आई म्हणाली, "हळदीला तेवढंच ऱ्हायलंतं."

३० एप्रिल
वाचून वाचून डोकं भणभणलंय, पण काय मजा! एक जुना ग्रीक म्हणतो, जग चालतं तेच झगड्यावर. तारेला दोन्हीकडून ताण नसेल तर वाद्य वाजायचंच नाही. व्वा! एक इंग्रज म्हणतो, डोक्यावर धाक नसला की माणूस माणसाला सोडणार नाही. आणि प्रत्यक्ष मारामारी चालते तेवढंच युद्ध नव्हे, होईल-होईल अशी हवा असते तो सगळा काळ युद्धच. त्यालाही व्वा! मग जिनिव्हाचा एक उठतो — साफ चूक! माणूस जात्या भांडकुदळ नाही, उलट भित्रा. वैर राज्याराज्यांचं, शिपाई बिचारे योगायोगानं समोरासमोर येतात. शेवटी प्रशियाचा एक सेनापती. त्याच्या मते हे सगळं राजकारणच, फक्त हत्यारानं केलेलं. सगळे बरोबर कसे वाटतात मला?

समताला फोनवर सगळं ऐकवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यातलं लढाईला कोण कोण गेलतं?" म्हटलं, सेनापती. "मग त्याला जेवायला बोलवू. बाकीच्यांना नुसता चहा."

३ मे
बेळगावला जाऊन पांढरी साडी घेतली. स्कूटर ती चालवत होती, मी मागे पिशव्या धरून. येताना निपाणीच्या अलीकडे कडब्याचा ट्रॅक्टर आडवा झालेला, दोन्हीकडून हॉर्न, शिव्या, कानडी-मराठी दोन्हींत. ही उतरली. हात वर केला. एकेकाला मागं घे, बाजूला घे — गाडी गाडी सुटली! एक ट्रकवाला "नमस्कार, मॅडम" करून गेला. मी मागून टाळ्या वाजवल्या आणि ओरडलो, "इंग्रज बरोबर होता!" लोकांना वाटलं, उन्हानं डोकं फिरलंय ह्याचं.

४ मे
आप्पांचा रविवार. ऊन मरणाचं. पौर्णिमाच बरी!

५ मे
टीव्हीवर दिवसभर सीमेचे नकाशे आणि बाण. आईनं बंद केला. म्हणाली, लगीनघरात हे नको.

७ मे
सकाळपासून जो तो सीमेपलीकडच्या हल्ल्याच्याच बातम्या सांगतोय. समताला तीनदा फोन केला. शेवटी तिनंच केला. "मेसेज आलाय. रजा रद्द. उद्या निघायचं."

पांढरी साडी आमच्याच घरात आहे.

८ मे
पहाटेच बोरगावला गेलो. आप्पा म्हणाले, "आत्ता लावू या की! भंतेजींना बोलावतो. दोन हार, बुद्धाफुडं उभारा, झालं लगीन." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. समता म्हणाली, "न्हाय."

मला घरामागं नेलं. "आल्यावर लावू. असं पळत पळत न्हाय." मग म्हणाली, "आणि काय झालंच, तर तू मोकळा असावास." मी ओरडलो तिच्यावर! कधी ओरडलो नव्हतो. मोकळा कशाला? मला नाही व्हायचं मोकळं! ती रडली नाही, मीच रडलो. तिनं माझी कॉलर नीट केली, सॅक उचलली आणि गेली.

रविवारी लावलं असतं तर आज ती माझी बायको म्हणून गेली असती. मला पौर्णिमा पाहिजे होती! राग येतोय, स्वतःचा.

१० मे
लढाई थांबली म्हणतात. तिचा फोन लागत नाही.

११ मे
समिती ऐकेना, व्याख्यान दिलं. ग्रीक, इंग्रज, सगळे सांगितले. टाळ्या पडल्या. शंका विचारा म्हटल्यावर पुढे बसलेल्या शेजारच्या मनुबाईंनी विचारलं, "थांबलंय न्हवं? मग पोरगी कवा येणार?" म्हटलं, माहीत नाही.

१२ मे
पत्रिका गेलेल्या, सगळ्यांना कळवणं जमलंच नाही. लोंढा गावचे पाहुणे तर नवे कपडे घालून आले. आईनं आचाऱ्याला नको म्हटलंच नव्हतं. मी पंगतीत वाढत होतो. कुणीतरी विचारलं, लगीन लागलं का, नवरी कुठाय? आई मागून भाताचं पातेलं घेऊन आली, म्हणाली, "सून ड्युटीवर हाय. बसा, जेवा."