अण्णांनी रोखलेला श्वास

मालवण, मंगळवार

ती. अक्षरावहिनींना उमाशंकरचा शरणू.

अण्णांची तब्येत ठीक हाय. फोनवर माझा आवाज ऐकून तुम्ही घाबरल्या असत्या, म्हणून लिहून आपल्या गाडीवाल्या यासेरच्या हाती देऊन राहिलो.

मी ठरवलेली अण्णांची समुद्रातली बुडी काल झाली. उदगीरच्या मूकबधिर पोरांना आता कानाची मशीन मिळेल. मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांनी अण्णांच्या नावावरच पाण्याखालच्या दर मिनिटामागं देणगी कबूल केली होती. गावात विहिरीत पडलेल्या घागरी बुडी मारून अण्णांशिवाय काढतंय कोण?

तिथंच घात झाला, वहिनी. पाठीवर हवेची टाकी असली की वर येताना श्वास सोडत यावं लागतं, न्हाईतर आतली हवा फुगून फुप्फुस फाटतं. मी पुन्हा पुन्हा बजावलं, अण्णा हाव हाव म्हणाले. पण सवय विहिरीची! छाती भरून, दात आवळून तसेच वर आले. बोटीवरचे लोक टाळ्या वाजवत होते अन् अण्णांच्या तोंडातून रक्त येत होतं.

इथले डॉक्टर लई चांगले हायत. श्वासाचं काम मशीन करून राहिलंय. डोळे उघडले न्हाईत अजून, पण हात गरम हाय. मी धरूनच बसलोय.

अव्वा जेवते का वेळेवर? आईचं काळीज हाय, तिला यातलं काही बोलू नका.

तुम्ही यायची गरज न्हाई, असं लिहायला बसलो होतो. वहिनी, यासेर गाडी दारातच उभी ठेवंल. अव्वाला घ्या अन् हायत त्या कपड्यांवर निघा.

तुमचा धाकटा,
उमाशंकर